चार पेले व्हिनेगर

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तीन वर्षांचे साचलेत, एकदमच पाठवते. नको असतील तरी परत करू नकोस, ठेवायला जागा नाही.

तू आणि तुझी लेक खुशाल असाल असं धरून चालते. इकडे सर्व ठीक.

आधी कामाचं सांगते, कारण तू माझं पत्र तिसऱ्या परिच्छेदापुढे वाचशील याची मला खात्री नाही. गेल्या महिन्यात मी तुला मिरच्यांच्या सहा बरण्या पाठवल्या. त्या खाऊ नका. उघडून चव बघू नका. कुणाला देऊही नका, अगदी तुझ्या त्या नणंदेलासुद्धा. जशा आहेत तशा पिशवीत गुंडाळून टाकून द्या. यंदाच्या मिरच्या मनासारख्या जमल्या नाहीत, एवढंच.

आता बाकीची खबरबात. आपल्या आप्पांच्या बियांची रोपं या वर्षी नुसती माजली होती. गच्चीत चौदा बादल्या, आणि प्रत्येक बादलीत मुठीएवढ्या जाडजूड मिरच्या, लाल आणि पिवळ्या. खालच्या मजल्यावरचे मास्तर वर येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या मिरच्या आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लोंबतात." मी म्हटलं, "लोंबू द्या, तुमच्या कपड्यांना थोडा रंग चढेल." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. न बोलणाऱ्यांची माझी यादी तशी लांब आहे.

सप्टेंबरच्या एका रविवारी सगळा घाट घातला. मिरच्या जाळावर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, झाकून ठेवायच्या, मग साल सोलायची. सोलायचं काम तुझ्या भावोजींचं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे बोटं नाजूक आणि वेग गोगलगायीचा. एक साल निघाली की एक गोष्ट सांगणार. दुपारपर्यंत त्यांच्या गोष्टी संपल्या, मिरच्या संपल्या नाहीत. अठरा बरण्या झाल्या. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून त्यावर बरण्या उभ्या करून उकळल्या, बाहेर काढून ओट्यावर ठेवल्या, आणि मग आम्ही दोघं खुर्च्या टाकून झाकणांचा 'टक्' ऐकत बसलो. अठराच्या अठरा वाजल्या. ते म्हणाले, "एवढी घड्याळं एका वेळी माझ्याही दुकानात वाजत नाहीत."

ऑफिसात सगळं तसंच. दुकानदारांची वजनं-मापं तपासायची, शिक्के मारायचे, खोटं सापडलं की जप्त करायचं. गेल्या आठवड्यात एका दूधवाल्याचं माप धरलं. तळ आतून ठोकून वर आणला होता. मला म्हणतो कसा, "बाई, जुनं माप आहे, झिजून लहान झालंय." मी म्हटलं, "झिजलेलं माप मोठं होतं हो, लहान नाही." आमचे साहेबसुद्धा हसले, आणि त्यांना हसायला वरून मंजुरी लागते.

तुझे भावोजी दोन दिवस दवाखान्यात आहेत. तपासण्या चालल्या आहेत. काळजी करायला डॉक्टर आहेत, तू करू नकोस. हे पत्र मी तिथल्याच बाकावर मांडीवर फाईल ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

बरण्यांचं तेवढं आजच कर. उद्यावर टाकू नकोस.

तुझी,
ताई


७ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय बारके,

आशीर्वाद कालचेच धर.

कालचं पत्र तुला आज दुपारी मिळेल. ते वाचून तू काय करशील हे मला या बाकावर बसून दिसतंय. तू कमरेवर हात ठेवून लेकीला म्हणशील, "बघ, तुझ्या मावशीचा जीव कसा तुटतोय! दिलेल्या बरण्या परत घ्यायच्या आहेत तिला." आणि मग एक बरणी उघडशील. मी 'करू नकोस' म्हटलं आणि तू केलं नाहीस, असं आपल्या आयुष्यात एकदाही झालेलं नाही. कठड्यावर चढू नकोस म्हटलं होतं, तर हनुवटीवर तीन टाके घेऊन आलीस. आणि टाके घालताना रडली नाहीस, का, तर मी समोर उभी होते.

म्हणून आज नीट लिहिते. काल लिहायला हवं होतं.

त्या बरण्यांत विष आहे. रागाने म्हणतात तसलं नाही, खरंच. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. बंद बरणीत, जिथे हवा नाही, तिथे आंबटपणा कमी पडला तर एक जंतू वाढतो आणि विष सोडतो. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. झाकण फुगलेलं असेल असंही नाही. तेव्हा उघडून हुंगून 'छान तर आहे' म्हणू नकोस. आमचीही छानच होती. तुझे भावोजी म्हणाले, "यंदा आंबट कमी केलंस, फार बरं झालं." शुक्रवारी जेवताना अर्धी बरणी एकट्याने संपवली. मला पित्तामुळे मिरची चालत नाही, तुला ठाऊकच आहे, म्हणून मी ही बसून तुला पत्र लिहिते आहे.

ते लिहू शकत नाहीत. बोलू शकत नाहीत. गिळू शकत नाहीत. रविवारी सकाळपासून श्वास यंत्र घेतंय. हात उचलत नाही, मान वळत नाही, पापण्या उघडत नाहीत. आणि सगळं समजतंय, बारके. डॉक्टर म्हणाले, डोकं एकदम साफ असतं, बाकीचं शरीर फक्त ऐकत नाही. मी त्यांची पापणी बोटाने वर उचलते आणि आतून ते माझ्याकडे बघतात. मग मीच पापणी सोडून देते, कारण ते जसे बघतात तसं मला बघवत नाही.

तुझा नंबर माझ्या फोनवरून लागत नाही, ते मला तीन वर्षांपासून माहीत आहे. तुझ्या लेकीचा त्यांच्या फोनमध्ये आहे, मला न सांगता दोघं बोलतात हेही मला माहीत आहे. पण त्यांचा फोन चेहरा बघून उघडतो. मी तो त्यांच्या तोंडासमोर धरला. मिटलेल्या डोळ्यांचा माणूस त्याला ओळखू येईना. बोटांनी पापण्या उचलून धरल्या, तरी येईना. सिस्टर म्हणाल्या, "असं नका करू हो बाई." मग त्या सिस्टरच्याच फोनवरून तुला केला. तू "हॅलो" म्हणालीस, मी "बारके" म्हणाले, तू ठेवलास. मग दारावरच्या पहारेकऱ्याच्या फोनवरून केला. या खेपेस मी आधीच "बरण्या, बरण्या" असं ओरडले, आणि तू म्हणालीस, "चुकीचा नंबर." पहारेकरी मला म्हणाला, "जाऊ द्या, बरण्या दुसरीकडून घ्या."

मी स्वतः निघाले असते. एक दिवस जायला, एक दिवस यायला. पण इथे दर दोन तासांनी कुठल्या तरी कागदावर सही लागते, आणि सही करणारी मी एकटीच.

आता आंबटपणा कमी का पडला ते.

आप्पांच्या वहीत मिरच्यांची कृती आहे. 'पितळी पातेलं खुणेपर्यंत पाणी, त्यात चार पेले व्हिनेगर, मूठभर मीठ.' बाकी लसूण, मिरे वगैरे. तुला पाठ असेल. आप्पा गेल्यावर एका दुपारी आपण दोघींनी भांडी वाटून घेतली, तेव्हा वही माझ्याकडे आली, खुणेचं पातेलंही माझ्याकडे आलं, आणि पेला तुझ्याकडे गेला. म्हणजे पाण्याचं माप माझ्याकडे, व्हिनेगरचं तुझ्याकडे. एका कृतीचे दोन तुकडे करून दोन गावांना न्यायचे, हे आपल्याशिवाय कुठल्याही घराण्याला सुचलं नसतं.

पहिली दोन वर्षं मी मिरच्या केल्याच नाहीत. रोपं लावली, मिरच्या वाटून टाकल्या. यंदा हट्टाला पेटले. तुला एक ओळ लिहिली असती, 'त्या पेल्यात किती मावतं, मोजून कळव,' तर काम झालं असतं. मी वजनमापांच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आहे. माझ्या टेबलावर लिटरचं माप आहे, अर्ध्या लिटरचं आहे, शंभर मिलीचंही आहे, सगळी शिक्क्याची. नव्हतं ते फक्त तुला विचारायचं तोंड. म्हणून मी स्वयंपाकघरातला आपला रोजचा पाणी प्यायचा पेला घेतला आणि चार वेळा ओतला. पेला म्हणजे पेला, असं स्वतःला सांगितलं. हेच वाक्य एखाद्या दुकानदाराने मला ऐकवलं असतं तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं.

आणि कळलं नव्हतं असंही नाही. आप्पांच्या वेळी बरण्या भरून वर वाटीभर तरी रस उरायचा, तू तो तोंडाला लावायचीस आणि डोळे बारीक करायचीस. यंदा शेवटच्या पाच बरण्यांना रस पुरला नाही. मी वर उकळतं पाणी घातलं. माझा हात एक क्षण थांबला होता. मग झाकणं लावली.

पार्सलात चिठ्ठी होती, ती तू वाचली असशील. 'पेल्यावाचून झालं.' तेवढीच. तुझ्या भावोजींना मी सांगितलं होतं की आत आशीर्वाद लिहिलेत. ते इतके खूश झाले की पार्सलाला सुतळी त्यांनी स्वतः बांधली, घड्याळजीच्या गाठी मारून.

मी ती भेट पाठवली नव्हती, बारके. ती मी तुझ्या तोंडावर मारली होती.

आज आरोग्य खात्याला मी यादी दिली, बरण्या कुणाकुणाला दिल्या त्याची. यादीत दोनच नावं, आम्ही आणि तू. इतर कुणाला द्यावं असं माझं कुणी नाही. तुमच्याकडची तपासनीस बाई उद्या तुझ्या दारी येईल. तिला आत घे. माझ्याशी भांडतेस तशी तिच्याशी भांडू नकोस.

तुझ्या दुकानातलं शिवणकाम टाकून आत्ता उठ आणि सहा बरण्या मोज.

तुझी ताई


९ ऑक्टोबर, गुरुवार सकाळ

बारके,

हे पत्र टपालाने येत नाही. मी लिहून त्याचे फोटो तपासनीस बाईंना पाठवणार आहे, त्या छापून तुझ्या हातात देतील. तू वाचून होईपर्यंत त्या दारातून हलणार नाहीत, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. त्यांची गाडी खाली उभी आहे. त्यांना पाणी विचार.

काल संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. म्हणाल्या, पाच बरण्या मिळाल्या, झाकणं बंद, ताब्यात घेतल्या. सहावी रिकामी, ओट्यावर पालथी, धुतलेली, आत अजून पाण्याचे थेंब. तुला विचारलं, यातलं कुणी खाल्लं का. तू म्हणालीस, "नाही, ती मी ओतून दिली."

"मग बाकीच्या पाच का नाही ओतल्या?"

"वेळ झाला नाही."

"कधी ओतली?"

"आठवत नाही. आणि हे पाहा, आमच्या घरात काय खाल्लं काय नाही, हे माझ्या बहिणीला कळवायची काही गरज नाही."

बाई मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीची तब्येत बघायला तशी बरी वाटली, थोड्या दमलेल्या. डोळ्यांवर झोप होती." मी विचारलं, "झोप म्हणजे कशी?" त्या म्हणाल्या, "शिवणकाम करणाऱ्यांची असते तशीच."

बारके, हे उत्तर मी ओळखते. धुतलेली बरणीही ओळखते. आता जे लिहिते ते मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही.

शनिवारी सकाळी तुझे भावोजी पेपर वाचत होते. म्हणाले, "आज छपाई गंडली आहे. सगळं दोन दोन दिसतंय." मी म्हटलं, "चष्मा पुसा." त्यांनी पुसला. एक डोळा हाताने झाकला, म्हणाले, "आता एक दिसतं." मी म्हटलं, "मग झाकूनच वाचा, अर्ध्या वेळात होईल." चहा प्यायले तो नाकातून बाहेर आला. मी हसले. खरंच हसले, बारके. मग त्यांचा आवाज गेंगाणा झाला आणि पापण्या अर्ध्यावर आल्या, तेव्हा हसू थांबलं.

अकरा वाजता इथे आलो. तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तुझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिने छातीला नळी लावायच्याही आधी विचारलं, "घरी बंद करून ठेवलेलं काही खाल्लं का? बरणीतलं, डब्यातलं?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की आठवून सांगा. लोणचं, मुरवलेली भाजी, असलं काही?"

"नाही म्हटलं ना. आमच्या घरचं खाऊन आजवर कुणी आजारी पडलेलं नाही."

का म्हणाले? मी पाच दिवस स्वतःला तेच विचारते आहे. ती पोर मला माझ्या मिरच्यांबद्दल विचारत होती आणि मला ऐकू येत होतं, 'बाई, तुमचं माप खोटं आहे.' मी तुझं नाव पुसून, आप्पांचा पेला पुसून, एकटीने केलेली ती एकच गोष्ट होती. ती मी कुणाला तपासू देणार नव्हते.

तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, पण हात हलत होता. त्यांनी दोन्ही हात वर केले, एक मूठ खाली धरली, दुसरी वर, आणि वरची फिरवली. झाकण उघडतात तशी. एकदा, दोनदा. डॉक्टरीण म्हणाली, "काय म्हणताहेत ते?"

मी म्हटलं, "पाणी मागताहेत."

त्यांनी हात खाली घेतले. माझ्याकडे बघितलं, जितकं त्या पापण्यांतून बघता येईल तितकं. त्यानंतर त्यांनी तो हात पुन्हा उचलला नाही. आधी मला वाटलं, रुसले. मग कळलं, उचलताच येत नव्हता.

डॉक्टर मेंदूच्या तपासण्या करत राहिले. माझ्या 'नाही'मुळे त्यांनी बरोबर रस्ता सोडून चार चुकीचे रस्ते धुंडाळले. मी घरी कपडे आणायला गेले, तर ओट्यावर अर्धी बरणी. ती मी ओतली, धुतली आणि पालथी घातली. कुणी ना कुणी येऊन तपासणी करेल म्हणून नव्हे. मला ती दिसायला नको होती.

रविवारी सकाळी घशात नळी घातली. दुपारी ती डॉक्टरीण पुन्हा आली. मला काही विचारलं नाही. त्यांच्या उशाशी उभी राहून त्यांना म्हणाली, "काका, मी तुम्हाला बरं करायचा प्रयत्न करते आहे, पण मला काय झालंय तेच कळत नाही हो." आणि तिचे डोळे भरून आले. पाच वाजता मी तिच्या खोलीत जाऊन सांगितलं, "मिरच्या. बरणीतल्या." तिने घड्याळाकडे बघून कागदावर वेळ लिहिली फक्त.

शनिवार सकाळी अकरा ते रविवार संध्याकाळी पाच. तीस तास, बारके. या विषावर औषध आहे. पण ते फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष धरतं. जे एकदा मज्जातंतूंवर जाऊन बसलं, ते त्याला उठवता येत नाही. तीस तास आधी दिलं असतं तर यंत्र लागलं नसतं का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आता महिने लागतील म्हणतात. 'लागतील' म्हणतात, तेवढ्यावर मी जगते आहे.

तू म्हणशील, ताई हे मला का सांगते. कारण तू आत्ता माझ्या खुर्चीत बसली आहेस आणि तुला एक बाई विचारते आहे, 'काही खाल्लं का.' तू 'नाही' म्हणालीस. तू खाल्लं असशील तर ते मंगळवारी, माझं पहिलं पत्र हातात घेऊन. 'मनासारख्या जमल्या नाहीत' असं जे मी लाजेपायी लिहिलं, ते वाचून. तेव्हा तुझं खोटंसुद्धा माझ्याच खोट्यातून निघालंय, तुझा त्यात काही कमीपणा नाही.

आणि तुला कमीपणा वाटायचं कारणही माझंच आहे. भांडी वाटली त्या दुपारी तू म्हणालीस, "पेला मी घेते. शेवटचे सात महिने मी त्यातूनच पाणी पाजलंय त्यांना." मी सात महिन्यांत तीन वेळा आले होते, तेही दौऱ्याच्या वाटेवर. मला ते ऐकवेना, म्हणून मी म्हटलं, "घे. कामाच्या बाईला जाताना काहीतरी द्यावंच लागतं."

हे वाक्य मी तीन वर्षांत एकदाही मोठ्याने उच्चारलेलं नाही. आज लिहिलं. तू ते रोज ऐकत असशील.

त्यासाठी क्षमा मागायला मी नंतर येईन, तू दार उघडलंस तर दारात, नाही तर जिन्यात. आज क्षमा नको आहे. आज तू आणि तुझी लेक, दोघींचं मला कळायला हवंय. बरणीतलं तिने किती खाल्लं, तू किती खाल्लंस, कधी. लेकीलाही आत्ता समोर बसव. तोंड कोरडं पडतंय का, घास अडकतोय का, बोलताना जीभ जड वाटते का. ती हसत असेल तर हसू दे, पण उत्तर घे.

आणि तू मला सांगणार नाहीस हे धरून, मी एक काम केलं आहे. खाली एक रेघ ओढली आहे. ऑफिसातली पट्टी पर्समध्ये असते, ती लावून, सरळ. रेघ एकच आहे, याची खात्री माझी. हे एवढं माप तरी खरं आहे. पत्र हातभर लांब धर, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि बघ. दोघीही बघा, एकेक करून. कुणाला उत्तर द्यायचं नाही, हार मानायची नाही. फक्त बघायचं.

________________________

दोन दिसल्या, तर पत्र तिथेच टाक, चपला घाल आणि बाईंबरोबर खाली उतर.

एक दिसली, तरीही उतर. हे विष दिवस घेतं. दवाखान्यात पहिला माणूस जे विचारेल त्याला 'हो' म्हण. 'ताईने पाठवलेल्या मिरच्या खाल्ल्या' असं म्हण, माझं नाव घेऊन, मोठ्याने, सगळ्यांसमोर. औषध तिथे पोचवायची तजवीज बाईंनी सकाळीच केली आहे. त्याला फक्त तुझ्या तोंडून तो एक शब्द लागतो, आणि तो तुझ्याऐवजी मला म्हणता येत नाही. येत असता तर इथून ओरडले असते.

मग बरी हो आणि आणखी तीस वर्षं माझ्याशी अबोला धर. माझी काही हरकत नाही. धरायला तू हवीस.

तुझी ताई